एकमताने मंजूर झालेल्या पूरभिंतीचे पैसे कुठून येतात?

सीडरकाठ

इथे पूर, धरणं आणि आलमट्टीवर बरेच धागे झाले आहेत. त्यातल्या एका प्रतिसादात कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेत बघा, पूर आला की दोन्ही पक्ष एकत्र येतात आणि भिंत उभी राहते." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी राहते त्या गावाच्या उदाहरणावरून सांगावं म्हणून हा धागा काढते आहे.

आधी खरं असलेलं अर्धं. वॉटर रिसोर्सेस डेव्हलपमेंट ॲक्ट नावाचा कायदा आहे, इथे सगळे त्याला 'वर्डा' म्हणतात. पूरसंरक्षण, बंदरं, नद्यांमधली जलवाहतूक, किनाऱ्यांची धूप अशी जी कामं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचा बांधकाम विभाग, पुढे नुसतं 'कोअर') करते, त्यांना संसदेची परवानगी या कायद्यातून मिळते. २०१४ पासून दर दोन वर्षांनी न चुकता तो येतो आहे. मतांचे आकडे बघा. २०१४ : प्रतिनिधिगृहात ४१२ विरुद्ध ४, सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ७. २०१८ : सिनेटमध्ये ९९ विरुद्ध १. २०२४ : प्रतिनिधिगृहात ३९९ विरुद्ध १८, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध १. एरवी ज्या संसदेत सरकार चालू ठेवण्याच्या ठरावावरूनही महिनोन्महिने ओढाताण चालते, तिथले हे आकडे आहेत. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी खर्च फार आहे म्हणून हा कायदा परत पाठवला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी विरोधकांबरोबर मत देऊन तो नकाराधिकार मोडून काढला. ३६१ विरुद्ध ५४ आणि ७९ विरुद्ध १४. बुश यांचा नकाराधिकार मोडला गेला तो त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच.

या कायद्यासाठी वर्षानुवर्षं एकत्र बसलेली माणसंही बघण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सिनेटर बार्बरा बॉक्सर आणि ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स इनहोफ. हवामानबदलावर या दोघांचं एका वाक्यावरही एकमत नव्हतं. इनहोफ तर पृथ्वी तापत नाही हे दाखवायला २०१५ मध्ये सिनेटच्या सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले होते. पण नद्या आणि बंदरांच्या कामावर दोघं एका टेबलाशी बसत आणि कायदा पार पाडून उठत. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे.

आता उरलेलं अर्धं.

मी आयोवातल्या सीडर रॅपिड्सला राहते. विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी मोठी कंपनी इथे असल्यामुळे भारतीय इंजिनिअर बरेच आहेत, त्यात आपली मराठी मंडळीही. गावाच्या मधोमध सीडर नदी वाहते. नदीतल्या बेटावर कोर्टाची आणि २००८ च्या पुरापर्यंत नगरपालिकेचीही इमारत, पूर्वेला बाजारपेठ, ऑफिसं आणि हॉस्पिटलं, पश्चिमेला जुनी कामगार वस्ती. टाइम चेक आणि चेक व्हिलेज ही पश्चिमेकडच्या मोहल्ल्यांची नावं. लाकडी, लहान, दोन-तीन पिढ्या एकाच कुटुंबात राहिलेली घरं.

१३ जून २००८ ला नदी ३१.१२ फुटांवर गेली. पूरपातळी १२ फूट. त्याआधीचा उच्चांक २० फूट, आणि तो १८५१ चा आणि १९२९ चा. म्हणजे दीडशे वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या पुराच्या वर आणखी ११ फूट पाणी. गावाचा सुमारे १४ टक्के भाग, १० चौरस मैल, पाण्याखाली. पाच हजारांवर घरांचं नुकसान. हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. नंतर १,३०० हून जास्त मालमत्ता सरकारी पैशाने विकत घेऊन पाडल्या, त्यातल्या बहुतेक पश्चिमेच्या.

कोअरने अभ्यास केला. अशा अभ्यासात मुख्य प्रश्न असतो, भिंतीवर एक डॉलर खर्च केला तर किती डॉलरचं नुकसान टळेल. नुकसान मोजायचं ते इमारतींच्या किमतीवरून. पूर्वेला बाजारपेठ आणि कारखाने, त्यामुळे तिथलं गुणोत्तर एकच्या जरासं वर गेलं आणि भिंत 'परवडणारी' ठरली. पश्चिमेला स्वस्त घरं, आणि त्यातलीही बरीच एव्हाना पाडलेली. गुणोत्तर एकच्या खाली. म्हणून कोअरने शिफारस केली फक्त पूर्व काठाच्या भिंतीची.

नदीकाठी वाढलेल्या कुणालाही यातला धोका सांगावा लागणार नाही. एका काठाला भिंत आणि दुसरा काठ उघडा, तर पाणी कुठे जाणार? गावाने तेव्हाच ठरवलं की बांधायचं तर दोन्ही काठांना बांधायचं, पश्चिमेचे पैसे आपण उभे करू.

पूर्व काठाचं काम २०१४ च्या वर्डात मंजूर झालं, त्याच ४१२ विरुद्ध ४ मतांनी. गावात आनंद झाला. आणि मग चार वर्षं केंद्राकडून बांधकामाला एक डॉलरही आला नाही.

कारण वर्डा ही फक्त परवानगी असते. पैसे दरवर्षीच्या वेगळ्या खर्चविधेयकातून येतात, वेगळी समिती ते ठरवते, आणि तिथे हे काम देशभरच्या बाकीच्या सगळ्या मंजूर कामांच्या रांगेत उभं राहतं. ही रांग १०० अब्ज डॉलरच्या आसपासची आहे. राष्ट्राध्यक्षांचं अर्थसंकल्प कार्यालय साधारणपणे २.५ च्या वर गुणोत्तर असलेली कामं पुढे घेतं. संसदेला १ च्या वर असलं की चालतं. आमच्यासारखी गावं या दोन आकड्यांच्या मध्ये अडकतात. दोन्ही पक्ष 'हो' म्हणतात आणि काम जागचं हलत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा पाणी आलं, जवळजवळ २२ फूट. भिंत नव्हती. तारेच्या जाळीच्या मोठमोठ्या टोपल्या रस्त्यांवर ओळीने मांडून त्यात लोडरने वाळू भरत गेले, मैलच्या मैल. शाळा बंद, दुकानं बंद, आणि जो तो वाळूच्या पिशव्यांवर. या टोपल्यांना आतून कापडाचं अस्तर असतं. ते नीट उलगडलं नाही तर कोपऱ्यातून वाळू वाहून जाते, म्हणून एक माणूस आत हात घालून अस्तर ताणून धरतो आणि दुसरा लोडरवाल्याला खूण करतो. ते बांध टिकले. गाव वाचलं.

पैसे आले ते जुलै २०१८ मध्ये, ११.७ कोटी डॉलर. कसे, ते ऐका. २०१७ मध्ये हार्वी, अर्मा आणि मारिया ही वादळं आली. त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून तातडीचा खर्च मंजूर केला, त्यात कोअरला सुमारे १७ अब्ज डॉलर मिळाले. त्यातला एक भाग २०१४ ते २०१७ या काळात एकाहून जास्त पूर-आपत्ती जाहीर झालेल्या राज्यांसाठी होता. आयोवा त्या यादीत बसलं. आमचा २००८ चा पूर त्या अटीत कुठेच नव्हता! टेक्सास आणि पोर्तो रिको बुडाले, म्हणून सीडर रॅपिड्सच्या भिंतीला पैसे मिळाले.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन्ही पक्षांची एकजूट खरी आहे, पण ती परवानगीपुरती आहे. पैशाच्या बाबतीत ती एकजूट कुठेतरी माणसं बुडाल्यावरच जागी होते. आपल्याकडे कुणी 'अमेरिकन मॉडेल' म्हणून उदाहरण देत असेल तर हेही त्यात धरावं.

लांबलं, पण तुकड्यात सांगण्यासारखं नव्हतं. बाकीच्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

वारणाकाठ

ताई, फार चांगला धागा. पूर्व-पश्चिम काठाचं वाचून पोटात कालवलं.

आमच्याकडे २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. त्यानंतर वडनेरे समिती झाली, अहवाल आला, निळी रेषा-लाल रेषा या पूररेषांवर पुन्हा चर्चा झाली. २०२१ ला परत ५५ फुटांच्या आसपास. दरवेळी आमच्या वाट्याला काय येतं, तर पंचनामा, सानुग्रह अनुदान आणि धान्याचं किट. पूर येण्याआधी खर्च करायचा म्हटलं की फाईल पुण्या-मुंबईला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गावाने स्वतःचे पैसे उभे केले म्हणता, ते कसे? आमची महापालिका स्वतःच्या जिवावर भिंत बांधू शकेल असं स्वप्नातही येत नाही. आणि दुसरं, केंद्र किती टक्के देतं?

---

सीडरकाठ

वारणाकाठ दादा, दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. पूरसंरक्षणाच्या कामात केंद्र साधारण ६५ टक्के आणि स्थानिक ३५ टक्के. ही स्थानिक वाटणीची पद्धत १९८६ च्या वर्डात पक्की झाली. त्याआधी कित्येक वर्षं असा मोठा कायदाच झाला नव्हता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये धरणांची मोठी यादी रद्द करायला घेतली, संसदेशी त्यांचं वाजलं, आणि नंतर पर्यावरणवाले आणि खर्च कमी करा म्हणणारे दोघंही जुन्या पद्धतीच्या विरोधात उभे राहिले. शेवटी रेगन यांच्या काळात तोडगा निघाला : कामं करू, पण ज्याला फायदा त्यानेही हिस्सा टाकायचा. आजची एकजूट त्या तडजोडीवर उभी आहे.

आता पहिलं. सरळ झालं नाही. २००९ मध्ये लोकांनी पूर-पुनर्वसनासाठी एक टक्का विक्रीकर मान्य केला होता. पण तोच कर भिंतीसाठी पुढे चालू ठेवायचा का, यावर २०११ आणि २०१२ मध्ये मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी 'नाही' म्हटलं. टेकडीवर राहणाऱ्यांना वाटलं आपण का भरायचं, आणि ज्यांची घरं गेली होती त्यांच्यातले कित्येक गाव सोडून गेले होते.

मग राज्याने मार्ग काढला. तेव्हा आयोवाचं सिनेट डेमोक्रॅट्सकडे, खालचं सभागृह आणि गव्हर्नर रिपब्लिकन. २०१२ मध्ये सगळ्यांनी मिळून कायदा केला : पूरसंरक्षणाचं काम करणाऱ्या गावात राज्याच्या विक्रीकरात दरवर्षी जी वाढ होईल, तिचा काही भाग त्या गावाला परत द्यायचा. कराचा दर वाढला नाही. या योजनेतून सीडर रॅपिड्सला वीस वर्षांत २६.४ कोटी डॉलर मिळायचे ठरले. पश्चिम काठाची आशा त्या पैशावर उभी राहिली. मला विचाराल तर वॉशिंग्टनमधल्या ४१२ मतांपेक्षा या कायद्याने गावाला जास्त आधार दिला.

---

हिशेबनीस

लेख आवडला, पण निष्कर्ष मला एकांगी वाटतो.

४१२ विरुद्ध ४ हा आकडा बघून मला कौतुकाऐवजी काळजी वाटते. सगळ्यांचं एकमत होतं याचं साधं कारण हे की यादीत प्रत्येकाच्या मतदारसंघाचं काही ना काही असतं. तू माझ्या बंदराला हो म्हण, मी तुझ्या भिंतीला म्हणतो. पैसे द्यायचे नसल्यामुळे हो म्हणायला कुणाचं काहीच जात नाही. त्यातून १०० अब्जांची रांग तयार होते. २०१४ च्या कायद्यात तर १८ अब्ज डॉलरची जुनी, पडून राहिलेली कामं रद्द करा असंही लिहावं लागलं.

आणि गुणोत्तराला एवढं नावं ठेवू नका. तो आकडा नसता तर सगळा पैसा ज्येष्ठ सिनेटरांच्या राज्यात गेला असता. खासदार आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक कामासाठी खर्चविधेयकात ज्या तरतुदी घालून घेत, त्यांवर २०११ मध्ये बंदी आली ती याच कारणाने. २०२१ मध्ये ती उठली, नाव बदललं, पद्धत तीच.

तिसरं, भिंत बांधली की लोक भिंतीमागे जास्त घरं बांधतात. मग भिंतीपेक्षा मोठा पूर आला की नुकसान आधीपेक्षा जास्त. सरकारी पूरविम्याचं काय झालं बघा : २०१७ मध्ये संसदेने १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं आणि तरीही २० अब्जांहून जास्त शिल्लक राहिलं.

---

धान्यबाजार

मी सेंट लुईसला धान्याच्या वाहतुकीत काम करतो. धाग्याच्या विषयात जलमार्गही येतात, म्हणून त्या बाजूचं लिहितो, कारण त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

मिनेसोटा, आयोवा, इलिनॉय इथला मका आणि सोयाबीन बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू होड्यांमधून) मिसिसिपीने खाली न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात जातो आणि तिथून जहाजावर चढतो. अमेरिकेच्या धान्यनिर्यातीचा निम्म्याहून मोठा भाग या वाटेने जातो. एका बार्जमध्ये दीड हजार टन माल. पंधरा बार्ज तारांनी एकत्र बांधून, तीन रुंद आणि पाच लांब, मागून एक टोबोट त्यांना ढकलत नेते. हजारभर ट्रकांचा माल एका फेरीत.

अडचण लॉकची आहे. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, त्यात पाणी कमी-जास्त करून बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. वरच्या मिसिसिपीवरचे बहुतेक लॉक १९३० च्या दशकातले, ६०० फूट लांब. आणि हा तांडा बोटीसकट १,२०० फुटांच्या जवळपास. मग काय करतात, ते रॉक आयलंडच्या १५ नंबरच्या लॉकपाशी बघण्याची सोय आहे, कधी त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा. पुढच्या नऊ बार्ज आत घालतात. दोन डेकहँड (बोटीवरचे कामगार) तारा आवळून धरणारे रॅचेट सोडवून तांडा मधोमध तोडतात. बोट उरलेल्या सहा बार्ज घेऊन मागे सरते. दरवाजा बंद होतो, पाणी खाली जातं, नऊ बार्ज विंचने ओढून बाहेर काढतात आणि भिंतीला बांधून ठेवतात. लॉक पुन्हा भरायचा, मग बोट उरलेल्या सहा घेऊन आत येते, खाली उतरते, आणि बाहेर सगळं परत जोडायचं. लॉक लांब असता तर पाऊण तासात झालं असतं, त्याला दीड-दोन तास लागतात. जानेवारीच्या तोंडाला, तारांवर बर्फ असताना, ते रॅचेट सोडवणाऱ्या पोरांचे हात बघवत नाहीत. हंगामात मागे रांग लागते.

लांब लॉक बांधायला २००७ च्या वर्डाने परवानगी दिली, तोच कायदा ज्यावर बुश यांचा नकाराधिकार मोडला गेला. विन्फील्ड, मिझुरी इथल्या २५ नंबरच्या नव्या लॉकला ७३.२ कोटी डॉलर मिळाले जानेवारी २०२२ मध्ये, आणि तेही वर्डातून मिळाले नाहीत; नोव्हेंबर २०२१ च्या मोठ्या पायाभूत सुविधा कायद्यातून मिळाले. त्या कायद्यात कोअरसाठी सुमारे १७ अब्ज होते. तो सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० ने पास झाला, प्रतिनिधिगृहात तेरा रिपब्लिकनांनी त्याला मत दिलं. पंधरा वर्षांनी पैसे! सीडरकाठ ताईंचं म्हणणं जलमार्गांनाही लागू पडतं.

हिशेबनीस साहेबांना एक सांगायचं आहे. आमच्या धंद्यात फायदा घेणारा हिस्सा देतो. बार्ज ओढणाऱ्या बोटींच्या डिझेलवर गॅलनमागे कर आहे, तो एका स्वतंत्र निधीत जातो आणि लॉकच्या नव्या कामांना वापरला जातो. २०१४ च्या कायद्याने हा कर २० वरून २९ सेंट झाला, आणि तो वाढवा अशी मागणी बार्जवाल्यांनी स्वतः केली होती. स्वतःवरचा कर वाढवून मागणारा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

थेंबे थेंबे पैसे दिले की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे ओहायो नदीवरचं ओल्मस्टेडच्या लॉक आणि बांधाचं काम. १९८८ मध्ये मंजूर झालं तेव्हा अंदाज ७७.५ कोटी. सुरू झालं २०१८ मध्ये, खर्च ३ अब्जांच्या घरात. किंमत वाढायला बांधकामाची पद्धतही कारणीभूत होती, पण दरवर्षी तुटपुंजी रक्कम हाही मोठा भाग होता. त्या एका कामाने निधी इतकी वर्षं खाल्ला की बाकीचे लॉक ताटकळत राहिले.

---

कोरडवाहू

धान्यबाजार दादा, मी लातूरचा. आमच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव निघताना लोक शिकागोचा भाव बघतात, पण तो माल नदीने जातो आणि लॉकपाशी असा तोडून जोडतात हे आज कळलं. २०२२ ला मिसिसिपीचं पाणी कमी झालं होतं अशी बातमी वाचल्याचं आठवतं. तेव्हा काय झालं होतं?

---

धान्यबाजार

हो, २०२२ च्या शरदात, ऐन सुगीत. पाणी इतकं उतरलं की बार्ज रुतायला लागल्या. मग प्रत्येक बार्जमध्ये माल कमी भरायचा आणि तांड्यात बार्जही कमी जोडायच्या. बार्जचं भाडं गगनाला भिडलं. त्यामुळे झालं असं की न्यू ऑर्लीन्सला भाव चढा आणि आयोवातल्या शेतकऱ्याच्या दारात भाव पडलेला, मधला पैसा वाहतुकीत गेला. २०२३ च्या शरदात पुन्हा तेच. लांब लॉक असते तरी ते टळलं नसतं. त्याला गाळ काढणं आणि नदीचा तळ राखणं लागतं. ते काम दिसत नाही, म्हणून त्याच्या उद्घाटनाला कुणी येत नाही आणि त्याला पैसे मिळवणं सगळ्यात अवघड जातं.

---

ह्यूस्टनवासी

सीडरकाठ, तुम्ही 'टेक्सास बुडालं म्हणून आम्हाला पैसे मिळाले' असं लिहिलंत, ते वाचून क्षणभर थांबले. आम्ही ते बुडालेले.

आमचं घर पश्चिम ह्यूस्टनला. तिथे ॲडिक्स आणि बार्कर असे दोन मोठे बांध आहेत, १९४० च्या दशकातले, कोअरचेच. एरवी कोरडे असतात, आत बागा आणि खेळाची मैदानं. पाऊस झाला की पाणी अडवायचं आणि शहराचा मध्यभाग वाचवायचा. पण पाणी अडल्यावर जिथपर्यंत पसरू शकतं ती सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. त्या जमिनीवर हजारो घरं झाली. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही प्लॉटच्या नकाशांवर ही जमीन पाण्याखाली जाऊ शकते अशी नोंद बारीक अक्षरात होती. घर घेताना ते आम्हाला कुणी दाखवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मराठी कुटुंबांपैकी कुणाकडेच पूरविमा नव्हता, कारण बँकेच्या नकाशात आम्ही पूरक्षेत्राबाहेर होतो.

हार्वीत पाऊस थांबल्यावरही पाणी चढत होतं. हे समजायला फार कठीण जातं. ऊन पडलेलं, आणि गॅरेजच्या दाराखालून पाणी आत येतं आहे. देवघर आणि मुलांचे दाखले वर नेले, बाकी सगळं तसंच सोडलं. घरात पाणी कित्येक दिवस राहिलं. भिंतींचं ड्रायवॉल चार फुटांपर्यंत कापून काढायचं, लाकूड सुकवायचं, मग पुन्हा लावायचं. शेजारच्या गल्लीतली अनोळखी माणसं हातोडे घेऊन आली होती. २०१९ मध्ये कोर्टाने सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला.

पण मला सांगायचं आहे ते मतदानाचं. २५ ऑगस्ट २०१८ ला, वादळाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, हॅरिस काउंटीत २.५ अब्ज डॉलरच्या पूर-रोख्यांवर मतदान झालं. मालमत्ता कर वाढणार हे सगळ्यांना माहीत होतं. ८५ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. ह्यूस्टनमध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांचं एरवी कसं असतं ते इथले लोक जाणतात. स्थानिक पैसा हातात आला की केंद्राचा पैसा ओढता येतो, कारण ३५ टक्के तयार असल्याशिवाय कोअर पुढेच जात नाही. म्हणून सीडर रॅपिड्समध्ये दोनदा 'नाही' झालं हे वाचून वाईट वाटलं.

आणि किनाऱ्यावरची मोठी भिंत आणि दरवाजे, ज्याला इथे 'आईक डाइक' म्हणतात, त्याची मागणी २००८ च्या आईक वादळापासूनची. २०२२ च्या वर्डात मंजुरी मिळाली, ३४ अब्ज डॉलरच्या कामाला. केंद्राकडून पहिली रक्कम आली पाच लाख डॉलर. अब्ज नाही, कोटी नाही, लाख. आमचे दोन्ही पक्षांचे खासदार त्या मंजुरीच्या दिवशी एकत्र उभे होते.

---

भुईकमळ

ह्यूस्टनवासी ताई, पाऊस थांबल्यावर पाणी चढण्याचं अगदी खरं. कोल्हापुरात २०१९ ला असंच झालं होतं, वरून राधानगरीचे दरवाजे उघडलेले आणि खाली पाण्याला वाट नाही. वाचते आहे, सगळ्यांनी लिहीत राहा.

---

हिशेबनीस

ह्यूस्टनवासी, तुमचा अनुभव वाचला. माझा मुद्दा पूरग्रस्तांना पैसे देऊ नयेत असा मुळीच नव्हता. पैसे आधी खर्च व्हावेत आणि शहाणपणाने व्हावेत, असा आहे.

भिंतीशिवायही मार्ग आहेत. १९९३ च्या मोठ्या पुरानंतर इलिनॉयमधलं व्हॅल्मेयर हे अख्खं गाव मिसिसिपीच्या काठावरून उचलून जवळच्या टेकाडावर नेलं. ग्रामसभा झाल्या, लोकांनी मतं दिली, केंद्र-राज्याचे पैसे आले आणि गाव नव्या जागी वसलं. पुन्हा पूर आला तरी लोक झोपतात.

२०१८ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून आणखी एक चांगला कायदा केला होता. आपत्तीनंतर जो खर्च होतो त्याचा ठरावीक भाग आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी बाजूला काढायचा. त्यातून 'ब्रिक' नावाची योजना आली. मला ती सगळ्यात शहाणी वाटत होती. एप्रिल २०२५ मध्ये फेमाने (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने) ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि वीस राज्यं कोर्टात गेली. संसदेतली एकजूट किती टिकाऊ आहे, याचं हे दुसरं उदाहरण. मंजुरी आहे, पैसेही ठरलेले आहेत, तरी देणाऱ्याने हात आखडला तर गाव अडकतं.

---

वारणाकाठ

हिशेबनीस सर, गाव उचलण्याचं आमच्याकडे म्हणायला सोपं. पुनर्वसनाच्या जागा मिळालेली घरं २००५ पासून आहेत, पण शेत नदीकाठी आणि घर माळावर, मग जनावरं कुठे बांधायची? लोक परत खाली येतात. लोकांना दोष देऊन उपयोग नाही.

मला धाग्यातून एक गोष्ट उचलावीशी वाटते, ती आयोवाच्या विक्रीकराची. नवा कर नाही, गावाच्या व्यवहारातून वाढलेल्या कराचा वाटा त्याच गावाच्या पूरकामाला, वीस वर्षं बांधून दिलेला. आपल्याकडे केंद्राची पूरव्यवस्थापन योजना आहे, २०२१ ते २०२६ साठी सगळ्या देशाला मिळून ४,१०० कोटी, त्यात आपल्यासारख्या राज्यांना केंद्राचा वाटा ६० टक्के. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड, आणि तिकडे बिहार, आसाम, पुरणार किती? सांगली-मिरज-कुपवाडच्या बाजारपेठेतून जीएसटी जातो, त्याच्या वाढीचा थोडा भाग दहा वर्षं तरी नाला-खोलीकरण आणि पंपांना बांधून दिला तर? सर्व पक्षांचे आमदार पुराच्या बोटीत एकत्र बसलेले आम्ही पाहिले आहेत. विधानसभेत या एका मागणीवर बसतील का, हे विचारायला हवं. ताई, तो आयोवाचा कायदा नेमका कसा चालतो, पैसे दरवर्षी येतात की एकदम?

---

सीडरकाठ

दादा, दरवर्षी येतात, पण किती वर्षं आणि जास्तीत जास्त किती हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे गाव त्या येणाऱ्या पैशावर रोखे काढू शकतं आणि काम लवकर सुरू करू शकतं. राज्यात एक पूरनिवारण मंडळ आहे. गाव त्याच्यापुढे आराखडा मांडतं, मंडळ तपासतं, मान्य झालं की विक्रीकराच्या वाढीतला हिस्सा गावाच्या वेगळ्या खात्यात जातो आणि तो दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. गावाने स्वतःचे आणि केंद्राचे पैसेही त्यात दाखवावे लागतात. सांगलीत कुणाला याचा नीट अभ्यास करायचा असेल तर मला निरोप टाका, कायद्याच्या मुख्य कलमांचं मराठीत टिपण करून देते.

हिशेबनीस, गुणोत्तराबद्दल तुमचं म्हणणं मी अर्धं मानते. मोजमाप हवंच. पण फक्त इमारतीची किंमत मोजली तर स्वस्त घरात राहणारा माणूस प्रत्येक वेळी हरतो, आणि त्याला सावरायला लागणारी वर्षं कुठल्याच रकान्यात येत नाहीत. २०२१ च्या जानेवारीत कोअरच्या वरिष्ठ कार्यालयाने आदेश काढला की अभ्यासात सामाजिक आणि पर्यावरणीय फायदेही बरोबरीने मांडा. तो आदेश आमच्या अभ्यासाच्या वेळी असता तर पश्चिम काठाचं उत्तर वेगळं आलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

ह्यूस्टनवासी, तुमच्या गल्लीतल्या लोकांनी भोगलं आणि आमच्याकडे भिंत आली, हे गावातल्या बैठकीत मी बोलून दाखवणार आहे.

धान्यबाजार यांनी सांगितलेल्या इंधनकराबद्दल एक भर घालते. पूर्वी लॉकच्या नव्या कामात निम्मे पैसे त्या निधीतून आणि निम्मे सरकारी तिजोरीतून यायचे. २०२० च्या वर्डाने निधीचा वाटा ३५ टक्क्यांवर आणला, २०२४ च्या वर्डाने २५ वर. उरलेले सगळे सामान्य करदात्याचे. बार्जवाल्यांची बाजू मला पटते, पण त्याच २०२४ च्या कायद्यात पूरसंरक्षणासाठी गरीब गावांचा ३५ टक्क्यांचा वाटा सरसकट असाच कमी झालेला नाही. पुढचा कायदा क्रमाप्रमाणे २०२६ चा. त्यासाठी गावं आणि काउंट्या दरवर्षी कोअरकडे प्रस्ताव पाठवू शकतात, आणि खासदारांची कार्यालयं नागरिकांची पत्रं घेतात. इथे अमेरिकेत राहणारे जे वाचत आहेत त्यांनी आपापल्या खासदाराला मंजुरीबद्दल लिहू नये, मंजुरी मिळतेच. त्यांनी खर्चसमितीबद्दल, ऊर्जा आणि जलविकासाच्या वार्षिक विधेयकाबद्दल लिहावं, कामाचं नाव आणि वर्ष घालून. मी मसुदा तयार करते आहे, उद्या संध्याकाळपर्यंत याच धाग्यावर टाकते.